कलामहर्षी बाबूराव पेंटर आणि कोल्हापूरचे कलावर्तुळ

विसाव्या शतकाच्या प्रारंभी कोल्हापूर संस्थानात काही तरुण कारागीर एकत्र आले. कोणत्याही कलाशाळेची पदवी नसताना त्यांनी चित्रकला, शिल्पकला, रंगभूमी आणि चित्रपट या चारही क्षेत्रांवर आपला ठसा उमटविला. या समूहाच्या केंद्रस्थानी होते बाबूराव कृष्णराव मेस्त्री, अर्थात बाबूराव पेंटर. डोळ्यांना जे दिसते ते जसेच्या तसे, परंतु रसिकतेने चित्रात उतरविणे ही त्यांच्या कलेची मूळ प्रेरणा होती. रंग आणि कुंचला यांच्यापासून सुरू झालेला हा वास्तववाद पुढे त्यांनी चित्रपटाच्या पडद्यावर नेला आणि भारतीय चित्रपटाला एक नवी वाट दाखविली. त्यांच्या बहुतेक कलाकृती मात्र आज उपलब्ध नाहीत. त्यामुळे त्यांच्या कार्याचा मागोवा घेताना त्यांनी घडविलेल्या माणसांचाही विचार करावा लागतो.

कारागिराच्या घरात जन्म

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे वडील कृष्णराव मेस्त्री सुतारकामासह अनेक हस्तकलांमध्ये निपुण होते. लाकूड, धातू, माती आणि रंग ही या घरातील रोजच्या व्यवहाराची साधने होती. बाबूरावांचे शालेय शिक्षण अगदी अल्प झाले. त्यांचे खरे शिक्षण घरातील कामाच्या ठिकाणीच झाले. हत्यार कसे धरावे, लाकडाचा कल कसा ओळखावा, धातू कसा ओतावा हे त्यांनी पाहून आणि करून आत्मसात केले.

त्यांचे चुलतबंधू आनंदराव हे या शिक्षणातील त्यांचे सोबती होते. यंत्रविद्येची विलक्षण जाण आणि चित्रकलेवर प्रभुत्व असा दुर्मीळ संगम आनंदरावांच्या ठायी होता. दोघे बंधू एकत्र काम करू लागले आणि लवकरच लोक त्यांना मेस्त्री या आडनावाऐवजी पेंटर या नावाने ओळखू लागले. व्यवसायावरून पडलेले हे नाव पुढे कायमचे चिकटले. कोल्हापूरच्या परिसरात पेंटर ही एक आदराची उपाधी ठरली.

त्या काळातील कलाजगत

बाबूरावांच्या तरुणपणी महाराष्ट्रात पाश्चात्त्य पद्धतीची वास्तववादी चित्रकला रुजू लागली होती. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून देहरेखाटन, छायाप्रकाश आणि यथार्थदर्शन यांचे शिक्षण मिळत होते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना सुरू केला आणि त्यांची पौराणिक चित्रे घरोघरी पोहोचली. देवदेवतांना हाडामांसाच्या माणसांचे रूप देणारी ही चित्रे पाहतच बाबूरावांची पिढी वाढली.

कोल्हापुरात या कलेचे आद्य प्रतिनिधी होते आबालाल रहिमान. जे. जे. स्कूलमध्ये शिकून कोल्हापूरला परतलेल्या या चित्रकाराला छत्रपती शाहू महाराजांनी आश्रय दिला होता. कोटितीर्थाच्या काठी, फकिरी वृत्तीने राहून आबालाल निसर्गचित्रे रंगवीत. पहाटेचे धुके, पाण्यावरील प्रतिबिंब, उतरत्या उन्हातील झाडे हे त्यांचे आवडते विषय होते. शहरातील तरुण चित्रकारांवर त्यांचा मोठा प्रभाव पडला. निसर्गासमोर बसून, बदलत्या प्रकाशाचा वेध घेत चित्र रंगविण्याची जी परंपरा कोल्हापुरात पुढे चालली, तिचे मूळ आबालाल यांच्याकडे जाते. १९३१ साली त्यांचे निधन झाले.

छत्रपती शाहू महाराजांच्या १८९४ ते १९२२ या कारकिर्दीत कोल्हापुरात कुस्ती, संगीत, नाट्य आणि चित्रकला यांना उदार राजाश्रय लाभला. बहुजन समाजातील गुणी माणसांना पुढे आणण्याचे महाराजांचे धोरण कलेच्या क्षेत्रातही दिसून आले. कारागीर कुटुंबातील बाबूराव आणि आनंदराव यांना या वातावरणाचा लाभ झाला.

याच काळात आशिया खंडातील इतर देशांतही चित्रकार पाश्चात्त्य तैलरंगाच्या तंत्राला आपल्या मातीत रुजविण्याचा प्रयत्न करीत होते. जपानमधील किशिदा र्‍युसेई हे बाबूरावांहून केवळ एका वर्षाने लहान होते. युरोपातील तत्कालीन नव्या शैलींचा अनुभव घेतल्यानंतर ते अल्ब्रेख्त ड्यूररसारख्या जुन्या चित्रकारांच्या सूक्ष्म वास्तवदर्शनाकडे वळले. १९१५ साली त्यांनी मित्रांसमवेत सोदोशा हा कलावंतांचा गट स्थापन केला. आपली कन्या रेइको हिची त्यांनी अनेक व्यक्तिचित्रे रंगविली. १९२९ साली वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. टोकियोतील या गटाला आणि कोल्हापूरच्या कारागिरांना जोडणारा कोणताही दुवा नव्हता. तरीही परक्या तंत्रातून आपल्या भोवतालचे सत्य कसे मांडावे, हा दोन्हीकडचा प्रश्न एकच होता. सोदोशाने त्याचे उत्तर चित्रफलकावर शोधले. कोल्हापूरच्या मंडळींना ते प्रथम नाटकाच्या पडद्यावर आणि नंतर चित्रपटात सापडले.

रंगभूमीचे पडदे

१९१० ते १९१६ हा काळ बाबूराव आणि आनंदराव यांच्या रंगमंचीय कामगिरीचा मानला जातो. मराठी संगीत नाटक त्या वेळी वैभवाच्या शिखरावर होते आणि नाटक कंपन्यांमध्ये उत्तम पडद्यांसाठी स्पर्धा असे. राजवाडा, अरण्य, नगरातील रस्ता, मंदिराचा सभामंडप अशी दृश्ये भव्य कापडांवर रंगविली जात. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी पेंटर बंधूंनी रंगविलेले पडदे विशेष गाजले. गंधर्व नाटक मंडळीसाठीही त्यांनी काम केले.

या पडद्यांचे वैशिष्ट्य त्यांच्या खोलीत होते. सपाट कापडावर रंगविलेली खांबांची ओळ खरोखर दूरवर जात असल्याचा भास होई. प्रकाश कोठून येतो आणि सावली कोठे पडते याचा त्यात काटेकोर विचार केलेला असे. प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेतून पाहणाऱ्यालाही दृश्य खरे वाटले पाहिजे, ही या कामाची कसोटी होती.

पडदे रंगविणे हे एकट्याचे काम नव्हते. त्यासाठी अनेक मदतनीस लागत. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे दोघे तरुण याच कामाच्या निमित्ताने पेंटर बंधूंकडे आले. दामले यांना यंत्रांची उत्तम जाण होती, तर फत्तेलाल यांचा हात चित्रकलेत कसलेला होता. गुरूच्या शेजारी बसून, त्याचे काम पाहत आणि त्याच्या कामाला हात लावत शिकणे, हीच या वर्तुळाची शिक्षणपद्धती होती. तेथे अभ्यासक्रम नव्हता आणि परीक्षाही नव्हती. हाती घेतलेले काम उत्तम उतरले की शिक्षणाचा एक टप्पा पूर्ण होत असे.

स्वदेशी कॅमेऱ्याची निर्मिती

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट प्रदर्शित झाला. तो पाहून पेंटर बंधू भारावून गेले. रंगविलेल्या दृश्यात जी एक उणीव होती, ती येथे भरून निघाली होती, ती म्हणजे हालचाल. आपणही चित्रपट काढावा असा निश्चय दोघांनी केला. परंतु चित्रीकरणाचा कॅमेरा परदेशातून आणावा लागे आणि त्याची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. त्यातच पहिले महायुद्ध सुरू झाले.

तेव्हा आनंदरावांनी कॅमेरा स्वतःच तयार करण्याचे ठरविले. जुना प्रक्षेपक मिळवून त्याची रचना समजून घेण्यात आली आणि त्या आधारे सुटे भाग घडविण्यास प्रारंभ झाला. हे काम अपुरे असतानाच १९१६ साली आनंदरावांचे अकाली निधन झाले. बाबूरावांवर हा मोठा आघात होता. बालपणापासूनचा सोबती आणि कामातील अर्धा भागीदार त्यांनी गमावला होता. तथापि त्यांनी काम सोडले नाही. दामले यांच्या साहाय्याने प्रयोग करीत अखेर १९१८च्या सुमारास त्यांनी चालता कॅमेरा सिद्ध केला. सुताराच्या घरात जन्मलेल्या आणि शाळेत फारसे न गेलेल्या माणसाने कोल्हापुरात बसून चित्रपटाचा कॅमेरा घडवावा, ही त्या काळात असामान्य गोष्ट होती.

महाराष्ट्र फिल्म कंपनी

महायुद्धाच्या अखेरच्या पर्वात कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना झाली. गायिका तानीबाई कागलकर यांनी या धाडसाला अर्थसाहाय्य केले. शाहू महाराजांनी जागा आणि वीजनिर्मितीचे यंत्र देऊन कंपनीच्या पाठीशी आपले बळ उभे केले.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' १९२० साली पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. महाभारतातील कीचकवधाची ही कथा मराठी प्रेक्षकांना परिचित होती. याच कथेवरील कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या नाटकावर ब्रिटिश सरकारने बंदी घातली होती, कारण त्यात समकालीन राजवटीवरील टीका दिसून आली होती. त्यामुळे या विषयाला एक राजकीय संदर्भही होता. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करण्याची प्रथा तेव्हा रूढ होती. बाबूरावांनी मात्र 'सैरंध्री'मध्ये स्त्रियांनाच भूमिका दिल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या अभिनेत्री कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. भीमाची भूमिका बाळासाहेब यादव यांनी, तर कीचकाची भूमिका झुंझारराव पवार यांनी केली. कीचकवधाचे दृश्य त्याच्या थरारक वास्तवतेमुळे गाजले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला. त्यानंतर काही महिन्यांतच लोकमान्यांचे निधन झाले.

चित्रकाराची दृष्टी

बाबूरावांच्या दिग्दर्शनाचे मर्म त्यांच्या चित्रकलेत होते. चित्रीकरणापूर्वी ते दृश्यांची रेखाटने करीत. पात्राची वेशभूषा, दागिने, उभे राहण्याची ढब हे सारे आधी कागदावर उतरत असे. नाटकातील रंगविलेल्या पडद्यांचे मर्म उत्तम जाणणाऱ्या या कलावंताने चित्रपटासाठी मात्र त्यांचा मार्ग सोडला आणि भिंती, खांब, कमानी असलेले घडीव देखावे उभारले. रंगमंचावर सपाट पडद्याने दिलेला भास कॅमेऱ्यापुढे टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

प्रकाशयोजनेवर त्यांचा विशेष भर होता. सूर्यप्रकाश परावर्तित करून चेहऱ्यावर हवा तेवढाच उजेड पाडण्याची युक्ती त्यांनी वापरली. हरी नारायण आपटे यांच्या कादंबरीवर आधारित 'सिंहगड' या १९२३ सालच्या चित्रपटात रात्रीच्या दृश्यांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. भारतीय चित्रपटातील अशा वापराच्या आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतः रंगवीत. नाक्यावर लागलेले असे भित्तिपत्रक पाहण्यासाठी थांबणाऱ्या सामान्य माणसापर्यंत वास्तववादी चित्रकला या मार्गाने पोहोचली.

याच सुमारास कंपनीला आग लागून मोठी हानी झाली आणि चित्रपटांच्या मूळ फिती जळून गेल्या. त्या काळातील फीत अत्यंत ज्वालाग्राही असल्याने अशा दुर्घटना अनेक कंपन्यांत घडत. बाबूरावांनी पुन्हा नव्याने उभारणी केली.

सावकारी पाश

१९२५ सालचा 'सावकारी पाश' हा बाबूरावांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचा चित्रपट मानला जातो. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर आधारित या चित्रपटात देव नव्हते, राजे नव्हते आणि लढायाही नव्हत्या. सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला एक गरीब शेतकरी अखेर शहरातील गिरणीचा मार्ग धरतो, एवढीच ही कथा होती. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती.

हा विषय महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचा होता. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव करून कर्जाचे दस्तऐवज जाळले होते. त्यानंतर पन्नास वर्षे उलटूनही कर्जाचा फास सैल झालेला नव्हता. परंतु पौराणिक चमत्कार आणि ऐतिहासिक पराक्रम पाहण्याची सवय झालेल्या प्रेक्षकांना आपल्याच घरातील दैन्य पडद्यावर पाहणे रुचले नाही. चित्रपटाला अपेक्षित यश मिळाले नाही आणि बाबूराव पुन्हा परिचित विषयांकडे वळले. भारतीय चित्रपटातील सामाजिक वास्तववादाचा आरंभ म्हणून या कलाकृतीचा उल्लेख पुढील काळात आदराने होऊ लागला. तिचे महत्त्व ओळखले गेले तेव्हा मूकपटांचे युग मात्र संपलेले होते. १९३६ साली याच कथेवर बोलपट निघाला आणि त्यातून चंद्रकांत मांडरे या तरुणाने चित्रपटसृष्टीत पदार्पण केले.

शिष्यांचा वियोग

महाराष्ट्र फिल्म कंपनीत अनेक तरुण नावारूपाला आले. व्ही. शांताराम यांनी १९२१ सालच्या 'सुरेखा हरण' या चित्रपटातून अभिनयास प्रारंभ केला आणि १९२७ साली 'नेताजी पालकर'चे दिग्दर्शन केले. दामले आणि फत्तेलाल यांनी १९२८ साली 'महारथी कर्ण' दिग्दर्शित केला. बाबूराव पेंढारकर हेही या कंपनीशी निगडित होते.

बाबूराव हे परिपूर्णतेचा ध्यास घेतलेले कलावंत होते. मनासारखे काम होईपर्यंत वेळेचा आणि खर्चाचा हिशेब करण्याकडे त्यांचा कल नव्हता. चित्रपटाचा व्यवसाय मात्र झपाट्याने वाढत होता आणि हाताखाली तयार झालेल्या तरुणांना स्वतंत्र वाटचालीची ओढ लागली होती. १ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासमवेत कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. एकाच वेळी सर्व प्रमुख सहकारी निघून गेल्याने महाराष्ट्र फिल्म कंपनीचा कणा मोडला. १९३० सालच्या 'लंका'नंतर कंपनीचे कार्य थंडावले आणि अल्पावधीतच ती बंद पडली.

या घटनेकडे केवळ फूट म्हणून पाहणे अपुरे ठरेल. प्रभातच्या चित्रपटांतील देखाव्यांची भव्यता, प्रकाशाचा वापर आणि बारीकसारीक तपशिलांची काळजी हे सारे गुण बाबूरावांच्या हाताखालीच विकसित झाले होते. दामले आणि फत्तेलाल यांच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' या चित्रपटाचा व्हेनिस येथील महोत्सवात गौरव झाला. देहूचे साधे घर, तेथील माणसे आणि त्यांचा दैनंदिन व्यवहार यांचे त्यातील अकृत्रिम चित्रण पाहिले, म्हणजे त्यामागील शिकवण कोठली हे वेगळे सांगावे लागत नाही.

उत्तरायुष्य

बोलपटांच्या युगात बाबूरावांनी 'उषा', 'प्रतिभा', 'साध्वी मीराबाई' असे काही चित्रपट दिग्दर्शित केले. १९४७ सालच्या 'लोकशाहीर राम जोशी' या चित्रपटाच्या निमित्ताने ते शिष्योत्तम शांताराम यांच्या राजकमल संस्थेत आले. या चित्रपटाच्या दिग्दर्शनात दोघांचाही वाटा होता. परंतु चित्रपटाच्या नव्या व्यवहारात बाबूरावांचे मन फारसे रमले नाही.

या काळात ते अधिकाधिक चित्र आणि शिल्प यांकडे परतले. व्यक्तिचित्रांत चेहऱ्यावरील मृदू छटा, डोळ्यांतील भाव आणि वस्त्राचा पोत ते अतिशय हळुवारपणे दाखवीत. पौराणिक विषयांवरील त्यांच्या चित्रांत वास्तवदर्शी शरीररचना आणि स्वप्नवत वातावरण यांचा मेळ दिसतो. शिल्प घडविण्याबरोबरच ते धातूत ओतण्याचे कसबही त्यांना अवगत होते. वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या विद्येकडे ते आयुष्याच्या अखेरीस परत आले होते. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

मागे उरलेले संचित

बाबूरावांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, १९६४ साली, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. तोवर त्यांचे बहुतेक मूकपट नष्ट झाले होते. 'सैरंध्री' उरला नाही आणि १९२५ सालचा 'सावकारी पाश'ही उरला नाही. १९२७ सालच्या 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' या चित्रपटांचे काही अंश तेवढे जतन झाले आहेत. नाटकांसाठी रंगविलेले पडदे तर वापरातच जीर्ण होत गेले. ज्या कलावंताने आयुष्यभर दृश्याचा ध्यास घेतला, त्याच्या दृश्यकृतींपैकी अत्यल्प भाग आपल्याला पाहता येतो, ही खेदाची बाब आहे.

कलावारशाचे रक्षण किती कठीण असते याचा प्रत्यय कोल्हापूरने अलीकडेही घेतला. शाहू महाराजांनी उभारलेले आणि पुढे केशवराव भोसले यांचे नाव दिलेले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत भस्मसात झाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. जुन्या नाट्यवैभवाची एक साक्षीदार वास्तू अशा रीतीने हरपली. तिच्या पुनर्बांधणीचे काम नंतर हाती घेण्यात आले.

वस्तू नष्ट झाल्या तरी बाबूरावांची परंपरा मात्र खंडित झाली नाही. बाबा गजबर यांच्यासारख्या चित्रकारांनी ती पुढे नेली. चंद्रकांत मांडरे यांनी अभिनयातून निवृत्त झाल्यावर निसर्गचित्रांना वाहून घेतले आणि कोल्हापुरातील त्यांच्या घरी आता त्यांच्या चित्रांचे संग्रहालय आहे. रंकाळ्याच्या काठी किंवा पन्हाळ्याच्या पायथ्याशी रंगपेटी उघडून बसलेले चित्रकार आजही कोल्हापूरकरांना नवे नाहीत.

शहरातील खरी कॉर्नर परिसरात, जेथे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी होती, तेथे कॅमेऱ्याची प्रतिकृती असलेला स्तंभ उभारण्यात आला आहे. चित्रपटसृष्टीशी संबंधित मंडळी तेथे एकत्र येऊन बाबूरावांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अभिवादन करतात. तो कॅमेरा आनंदरावांनी करावयास घेतला, दामले यांनी त्याला हातभार लावला आणि बाबूरावांनी तो पूर्ण केला. त्यामुळे हे स्मारक एका व्यक्तीचे नसून त्या संपूर्ण कलावर्तुळाचे आहे.